उभ्या गाडीचा शौक

एमएच ३८ पाटीच्या एखाद्या हॅचबॅकवर लाखभर रुपये खर्च करायचे ठरले, की ते कसे जाणार हे आमच्याकडे विचारावं लागत नाही. आधी सतरा इंची अलॉय. त्यावर पातळ टायर, मिळेल त्या कंपनीचे. मग लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी खाली, आणि स्प्रिंगला पैसे नसतील तर आहे त्याच स्प्रिंगचं एक वेटोळं कटरने उडवून खाली. मग ब्रेकच्या कॅलिपरवर लाल प्लास्टिकचं कव्हर आणि त्यावर एका नामांकित इटालियन ब्रेक कंपनीचं नाव. आतला ब्रेक मात्र कारखान्यातून आला तोच. लाइनर कधी बदलले ते आठवत नाही, ब्रेक ऑइल बदलायचं असतं हेच माहीत नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘लागतोय की ब्रेक.’

या सगळ्या खर्चाला मी उभ्या गाडीचा शौक म्हणतो. चौकात, लग्नमंडपासमोर, पेट्रोल पंपावर, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर गाडी उभी असते तेव्हा जे दिसतं, त्याचे पैसे आपण मोजतो. गाडी चालू झाली की जे काम करतं, त्याला हात लावत नाही. माझं भांडण शौकाशी नाही. भांडण आहे ते ‘स्पोर्ट्स’ हा शब्द लावून गाडी आधीपेक्षा वाईट करून विकण्याशी.

शौकाशी भांडण नाही हे नीट सांगायला हवं, कारण दुसरी एक जमात आहे आणि तिचाही मला तितकाच राग आहे. ‘हिंगोलीत कसली आलीय स्पोर्ट्स कार? आधी रस्ते करा म्हणावं,’ असं म्हणून हसणारी. ही माणसं बहुधा पुण्यात किंवा संभाजीनगरात राहतात आणि दिवाळीला गावी येतात. गाडी सजवायची हौस शहरानेच करावी, असा काही कायदा नाही. आमच्या आज्यांच्या काळात बाजाराला आणि सासरी जायला दमणी असायची, तिच्या बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असायच्या आणि कुणाची दमणी डौलदार यावर गावात बोलणं व्हायचं. मराठवाड्यात आणि विदर्भात शंकरपट आजही भरतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या या शर्यतींना मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने कायमची वाट मोकळी करून दिली. पण तो पट एकदा नीट बघा. शर्यतीचा छकडा हलक्यात हलका केलेला असतो. बसायला जागा नाही, नक्षी नाही, वजन वाढेल असं काही नाही. पळायच्या वस्तूला काय हवं आणि मिरवायच्या वस्तूला काय हवं, हा फरक या मातीतल्या माणसाला चांगला कळतो. मग तोच माणूस चारचाकीच्या दुकानात गेल्यावर हा फरक कुठे विसरतो?

चाकापासून सुरुवात करू. मारुतीच्या स्विफ्टला खालच्या प्रकारात १६५/८० आर १४ मापाचा टायर येतो, वरच्या प्रकारात १८५/६५ आर १५. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा रुंदीच्या किती टक्के उंच भिंत आहे तो. शेवटचा रिमचा व्यास इंचात. गणित करून पाहा: चौदा इंची चाकावर रबराची भिंत १३२ मिमी, पंधरा इंचीवर १२० मिमी. आता दुकानदार सांगतो ते २०५/४५ आर १७ घ्या. भिंत उरते ९२ मिमी. टायरचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून दुकानदार म्हणतो काही फरक पडत नाही. फरक पडतो तो त्या चाळीस मिलिमीटरमध्ये. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये जी हवा आणि जे रबर होतं, त्यातलं चाळीस मिलिमीटर काढून तुम्ही तिथे धातू बसवला. दिसायला भरीव दिसतं, यात वाद नाही.

हा धातू कसला असतो, तेही विचारत जा. कारखान्याचं लोखंडी रिम खड्ड्यात वाकतं, आणि टायरवाला ते हातोडीने ठोकून पुन्हा गोल करून देतो. स्वस्तातलं ओतीव अलॉय वाकण्याऐवजी तडकतं. मग ते आर्गन वेल्डिंगने जोडून, वरून रंग मारून ‘नव्यासारखं’ म्हणून विकलं जातं. वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीच्या आजूबाजूची ताकद गेलेली असते. सेकंडहँड अलॉय घेणाऱ्याने निदान आतल्या बाजूने हात फिरवून बघावं. बाहेरची बाजू सगळेच बघतात. मोठं अलॉय हलकंच असतं हाही गैरसमज. बाजारातली कित्येक सतरा इंची चाकं कंपनीच्या पंधरा इंची चाकांपेक्षा जड भरतात. वजनकाटा कुठेही मिळतो, हळदीच्या जिल्ह्यात तर पावलोपावली आहे. एक चाक ठेवून बघायला पैसे पडत नाहीत. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं जास्त, तितकं चाक खड्ड्यातून उसळल्यावर परत जमिनीवर यायला वेळ लावतं, आणि जमिनीवर नसलेलं चाक ना वळतं ना थांबतं.

ऑफसेट आणि हबचं भोक या दोन गोष्टींवर एकच वाक्य पुरे: नट बसले म्हणजे चाक बसलं असं नसतं, आणि ज्या दुकानदाराला तुमच्या गाडीच्या मूळ चाकाचा ऑफसेट सांगता येत नाही, त्याच्याकडून चाक घेऊ नका.

आता स्प्रिंग. खरं भांडण इथे आहे.

गाडी खाली केल्याने ती वळणावर कमी झुकते, वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर कमी सरकतं, हे खरं आहे. शर्यतीच्या सपाट ट्रॅकवर याचा फायदा मोजता येतो. पण आपण राहतो काळ्या मातीवर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर नीट पाया न घालता टाकलेला डांबरी रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटा धरतो, कडेला साइडपट्टी खचते. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाटा करत नांदेडला जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चांगला झाला आहे, मान्य. पण महामार्गावर कुणी राहत नाही. फाट्यावरून आत वळलं की गाव येतं, आणि गावाआधी गतिरोधक.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक कसा असावा ते लिहिलेलं आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढून उतरावी. आमच्याकडचे कितीतरी गतिरोधक एका हातात मावतील इतके अरुंद आणि उंचीला मालक नसलेले. मुलगा गाडीखाली आला, दुसऱ्या दिवशी गावाने मुरूम-सिमेंट टाकून उंचवटा केला, अशी त्यांची जन्मकथा असते. मी त्या गावाला दोष देणार नाही. स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३ मिमी. त्यातून लोअरिंगचे चाळीस वजा केले, राहिले १२३. घरची पाच माणसं आणि मागे एक पोतं ठेवलं की गाडी आणखी दबते. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरसुद्धा हिशोब काठावर येतो. गावच्या उंचवट्यावर तो संपतो, आणि चेंबर फुटतो. ऑइल रस्त्यावर सांडतं, आणि मालकाच्या लक्षात येईपर्यंत इंजिन धरतं.

चेंबर फुटणं मात्र यातलं स्वस्त नुकसान. महाग नुकसान दिसत नाही. समजा गाडीचं चाक खड्ड्याने वर ढकललं गेल्यावर स्प्रिंगला दबायला ऐंशी मिलिमीटर जागा होती. चाळीसने गाडी खाली केली, जागा निम्मी झाली. तोच धक्का निम्म्या जागेत पचवायचा तर स्प्रिंग किती कडक हवी? दुप्पट नाही. चौपट. कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाप्रमाणे वाढते. हे बारावीच्या पुस्तकात आहे आणि शौकीन पोरांपैकी निम्म्यांनी त्यावर मार्क मिळवलेत. चौपट कडक स्प्रिंग रस्त्याच्या गाडीला कोणीच देत नाही, कारण तीत बसवणार नाही. उरलेला धक्का मग कोण खातं? आधी शॉकअपमधला रबरी ठोकळा, मग शॉकअपचं वरचं माउंट, मग बॉडी, मग तुमच्या आईची कंबर. आणि वेटोळं कापलं असेल तर आणखी वाईट. सहा वेटोळ्यांतलं एक कापल्यावर कडकपणा जेमतेम वीस टक्क्यांनी वाढतो, स्प्रिंगचं बसकं टोक जातं, आणि खोल खड्ड्यात चाक लटकलं की स्प्रिंग आपल्या जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग ‘बसवून’ देणारे मिस्त्रीही आहेत. पोलादाचं पाणी त्यांनी एका मिनिटात उतरवलेलं असतं.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर, लायगो-इंडिया उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ही वेधशाळा. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या अमेरिकेतल्या बहिणींमध्ये चाळीस किलोचा एकेक आरसा चार टप्प्यांच्या लोलकावर आणि पोलादी पात्यांच्या स्प्रिंगांवर टांगलेला आहे, जमिनीचा कंप आरशापर्यंत पोचू नये म्हणून. तत्त्व साधं: लटकण जितकी मऊ, तितका कंप वर कमी जातो. गाडीची स्प्रिंग आणि ही लटकण यांचं विज्ञान एकच. जगातली सगळ्यात नाजूक स्प्रिंग ज्या तालुक्यात बसणार आहे, तिथून तासाभराच्या अंतरावर आपण कटर लावून स्प्रिंगा कापतो आहोत. हसावं की रडावं कळत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

ब्रेककडे येऊ. ताशी ८० किमी वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात तो सेकंद संपतो. त्यापुढे कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, गाडी थांबायला आणखी सुमारे तीस मीटर. ओल्या रस्त्यावर पन्नासच्या आसपास. वेग शंभर केला की कोरड्यातच पन्नास आणि ओल्यात ऐंशीजवळ. आता ही अंतरं रात्री वसमत रस्त्यावर मांडा. पुढे हळदीची किंवा उसाची ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. किंवा रस्त्यावर उभा रोही, जो हेडलाइटकडे बघत राहतो आणि ऐन वेळी चुकीच्या बाजूला उडी मारतो. किंवा सोयाबीनच्या सुगीत अर्ध्या रस्त्यावर पसरलेलं खळं: सुकलेल्या दाण्यांवर टायर छर्र्यांवर चालल्यासारखा घसरतो. इथे लागणारी गोष्ट सतरा इंची चाक नाही.

ब्रेकबाबत दुकानांत जे विकलं जातं त्यातलं बरंचसं नाटक आहे. भोकं पाडलेली डिस्क: दिसते छान, पण रस्त्याच्या गाडीला तिचा उपयोग थोडा, आणि स्वस्तातली असेल तर भोकांपाशी तडे जातात. मोठं कॅलिपर: मागच्या चाकांचा ब्रेक तोच ठेवून फक्त पुढचा वाढवला, तर पुढचा-मागचा तोल कंपनीने घालून दिलेला राहत नाही. आणि ते लाल कव्हर. ब्रेक ही गतीची उष्णता करून हवेत सोडणारी वस्तू आहे. तिच्यावर प्लास्टिकचं टोपरं घालणं म्हणजे तव्यावर रजई घालणं.

खरी कामं कंटाळवाणी आहेत. चांगल्या कंपनीचे पॅड. डिस्क झिजून पातळ झाली असेल तर कंपनीच्याच मापाची नवी. मागच्या ड्रमची सफाई आणि जुळणी. आणि ब्रेक ऑइल, ज्याला कुणी विचारत नाही. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ ऑइल उकळायला २३० अंश सेल्सिअस तरी लागतात. पाणी पिऊन जुनं झालेलं १५५ अंशांनाच उकळू शकतं. डॉट ३ असेल तर हेच आकडे २०५ आणि १४०. घाट उतरताना, किंवा मे महिन्याच्या दुपारी गाडी भरून पुन्हापुन्हा ब्रेक मारताना ते उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल मऊ होऊन तळाला जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचा खर्च एका अलॉयच्या नटांच्या सेटएवढा. मी एका मोठ्या शहरातल्या सुसज्ज, काचेच्या दुकानात ब्रेक ऑइल बदलून द्या म्हटलं, तर काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि कॅलिपर रंगवण्याचं दरपत्रक पुढे केलं.

तरीही सगळ्यात मोठा ब्रेक म्हणजे टायर. पॅड फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवतं ते रबर. चार टायर मिळून रस्त्याला जेमतेम चार तळहातांएवढे टेकतात. म्हणून पहिला रुपया तिथे जायला हवा, आणि नेमका तोच वाचवला जातो: अलॉय घेताना हात सैल, टायरला आला की ‘सध्या सेकंडहँड टाकू’. टायरच्या कडेला कारखान्याच्या शिक्क्याचे शेवटचे चार आकडे बघा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर दिसणारा पण आठ-दहा वर्षांचा टायर उन्हाने कडक झालेला असतो. नखाने दाबून बघा, कळतं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मोटारीला कायद्यानेही चालत नाही, आणि पावसात त्याच्या कितीतरी आधीपासूनच चालत नाही. आणखी एक आकडा कुणी वाचत नाही, भाराचा. १८५/६५ आर १५ वर बहुधा ८८ असतो, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. २०५/४५ आर १७ मध्ये ८४ चाही टायर येतो, म्हणजे ५०० किलो. रुंद टायर म्हणजे जास्त भार पेलणारा, असं नाही. महाशिवरात्रीला औंढ्याला जाताना गाडीत किती जण कोंबतो, ते आठवून हा आकडा निवडा.

कायद्याबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आता चित्र बघा. चांगल्या कंपनीची, मोजून-मापून बनवलेली स्प्रिंग बसवणारा आणि वेटोळं कापणारा, दोघेही कायद्यापुढे एका रांगेत. जर्मनीत स्प्रिंगसोबत तिची चाचणी झाल्याचा कागद येतो, तपासणी संस्थेचा माणूस बसवलेलं काम पाहतो, आणि गाडीच्या कागदावर नोंद होते. आपल्याकडे सीएनजी किटला नेमकी हीच वाट आहे: मंजूर किट, मान्य फिटर, आरसीवर नोंद. मग चाकाला आणि स्प्रिंगला का नाही? सरसकट बंदीने शौक थांबलेला नाही, फक्त तो तपासणीच्या उजेडातून उचलून कटर असलेल्या शेडमध्ये गेला. ज्यांना खरंच सुरक्षेची काळजी आहे त्यांनी शेडवर छापे मागण्याआधी ही वाट मागावी.

ती होईपर्यंत मला कुणी विचारलं तर मी सांगतो ते असं. पंधरा इंचीच्या वर जाऊ नका. तुमच्या मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीनेच जे चाक दिलं आहे ते घ्या, कंपनीचंच असल्याने कायद्याची कटकट जवळपास उरत नाही आणि टायरची भिंत शाबूत राहते. त्यावर परवडेल तितके उत्तम, याच वर्षीचे चार टायर. पाचवा स्टेपनीला, कारण पंक्चर वारंगा फाट्याच्या अलीकडेच होतं. मग पॅड, ड्रम, ब्रेक ऑइल. मग शॉकअप आणि बुश नवे, कंपनीच्याच उंचीचे. ऐंशी हजार किमी चाललेल्या गाडीत नुसते नवे शॉकअप टाकले, तरी वळणावर जो फरक पडतो तो पोरं लोअरिंगमध्ये शोधत असतात. मग अलाइनमेंट. एवढं करून लाखातले जे उरतील त्यात गाडी रंगवा, काचा सोडून काहीही करा, आवाज वाढवा, मी तक्रार करणार नाही. बोनेटवर वाघ काढला तरी चालेल. फक्त त्या कॅलिपरवरचं लाल टोपरं आधी काढा.